टाकीतला चोर

मागे एकदा दाताच्या दवाखान्यातल्या काचेच्या टाकीत एक छोटा समुद्र राहत होता. त्यात शेवाळ इतकं माजलं की प्रवाळं गुदमरून मेली, एकच वाचलं. डॉक्टरांनी दगड घासले, नवं खारं पाणी भरलं आणि उरलेलं प्रवाळ, मासा आणि गोगलगाय यांना परत सोडलं.

"या खेपेला शेवाळ आणणारा चोर आधीच धरायचा," नारिंगी मासा म्हणाला. "ही गोगलगाय बघा. शेवाळ दिसलं की तिथे ही हजर!"

"अरे, मी ते खाते, म्हणून असते," गोगलगाय म्हणाली.

"चोर असंच म्हणणार!" माशाने तिला इतक्या ढुसण्या दिल्या की ती बिचारी काच चढून टाकीबाहेर पडली.

पंधरा दिवसांत शेवाळ दुपटीने आलं. आता मासा प्रवाळावर डोळे वटारू लागला.

"माझ्यावर कसला संशय घेतोस?" प्रवाळ क्षीण आवाजात म्हणालं. "वरून पडणारं जास्तीचं खाणं माझ्या पायाशी कुजतं. त्यावर हे शेवाळ पोसतं."

"म्हणजे डॉक्टरच चोर! थांब, नजरच ठेवतो."

तेवढ्यात डॉक्टर आले. मासा नजर ठेवायला काचेशी गेला आणि रोजच्यासारखा, चार दिवसांचा उपाशी असल्यागत, नाचू लागला. डॉक्टरांना दया आली. त्यांनी आणखी चिमूटभर खाणं टाकलं. भरल्या पोटाच्या माशाने ते नुसतं हुंगलं.

खाणं सावकाश खाली गेलं आणि प्रवाळाच्या पायाशी जाऊन बसलं.