एकशे आठ ओव्या आणि मूठभर वाख

भाविकहो, निवांतनाथ महाराज तेव्हा गोदाकाठच्या तळेखेड गावी, आपल्या गुरूंच्या समाधीपाशी मठात राहत असत. गुरूंनी रचलेल्या एकशे आठ ओव्या दर पुण्यतिथीला सूर्यास्ताच्या आत समाधीपुढे म्हणायच्या, असा तिथला नेम होता. ओव्या कागदावर उतरवायच्या नाहीत, ही गुरूंची आज्ञा. चाळीस वर्षांत नेम चुकला नव्हता आणि म्हणण्याचा मान दिनकरशास्त्र्यांचा होता.

मठामागे गेनू अंबाडीच्या वाखाचे, म्हणजे सालीच्या धाग्यांचे, दोर वळत असे. बायकोने दोराला पीळ देणारे चाक फिरवायचे आणि गेनूने कमरेला गुंडाळलेला वाख सोडत सोडत उलट्या पावलांनी मागे जायचे. भिंतीपलीकडे शास्त्रीबुवांचा सराव चाले. ऐकता ऐकता ओव्या गेनूला पाठ झाल्या. एकदा त्याने भीतभीत महाराजांना तसे सांगितले, तेव्हा शास्त्रीबुवांनी त्याला तिथेच मांडी घालून म्हणायला बसवले. तिसऱ्या ओवीलाच बिचारा अडला.

“बसलं की इसरतंय जी. चालाया लागलं की येतंय,” तो म्हणाला.

“अक्कल गुडघ्यात असली की असंच व्हायचं,” शास्त्रीबुवा म्हणाले. मंडळी खो खो हसली. गेनूला मेल्याहून मेल्यासारखे झाले.

त्या वर्षी पुण्यतिथीला शास्त्रीबुवा नुकतेच तापातून उठले होते. साठ ओव्या झाल्या आणि एकसष्टावी काही केल्या आठवेना. त्यांना दरदरून घाम फुटला. सूर्य कडुनिंबाच्या शेंड्याखाली उतरला. मागे बसलेला गेनू कासावीस झाला. त्याला नेमाची काळजी होती आणि खरे सांगायचे तर शास्त्रीबुवांची दयाही येत होती. महाराजांनी स्वतःच ओव्या म्हटल्या असत्या तर? पण संतांच्या मनातले आपण काय ओळखणार!

“गेनू, चाक आण,” महाराज म्हणाले. “शास्त्रीबुवा, तुम्ही फिरवा.”

शास्त्रीबुवांचा चेहरा पडला, पण ते निमूटपणे चाकापाशी बसले. गेनूच्या कमरेला जेमतेम मूठभर वाख होता. त्याने पहिले पाऊल मागे टाकले आणि एकसष्टावी ओवी आली. दुसरे टाकले, पुढचा चरण आला. समाधीवरची नजर न काढता तो मागे मागे निघाला. अंगण सरले, दरवाजा सरला, तरी वाख संपेना! ऐंशीव्या ओवीच्या सुमारास शास्त्रीबुवांचे ओठ हलू लागले. हात चाकाबरोबर फिरत होता आणि हरवलेले शब्द एकेक करून परत येत होते. शेवटची ओवी दोघांनी मिळून म्हटली, तेव्हा सूर्याची कड अजून दिसत होती. गेनूच्या कमरेला वाख होता तेवढाच होता.

“देवानं बुद्धी एकट्या डोक्यात कोंडून ठेवलेली नाही, शास्त्रीबुवा,” महाराज म्हणाले. “ती अंगभर दिली आहे. याच्या पावलांत ती आपण पाहिली नाही, एवढंच.”

शास्त्रीबुवांच्या डोळ्यांना धार लागली. ते उठू लागले, तसा महाराजांनी चाकाचा दांडा स्वतःच्या हाती घेतला. दोराच्या कडेकडेने शास्त्रीबुवा गेनूपर्यंत गेले आणि वाकले. गेनूला पाय मागे घ्यायचे होते, हात जोडायचे होते. पण दोर सोडला असता तर सगळा पीळ उलगडला असता. दोर धरून तो तसाच उभा राहिला आणि शास्त्रीबुवांनी त्याच्या पावलांवर डोके ठेवले.