नाही म्हणणारा गाडीवान

लहानांनो, थोरांनो, ही गोष्ट फार जुन्या काळातली आहे. एका राज्याची राजधानी डोंगरावर होती आणि बंदर डोंगराखाली. मध्ये एक उभा, वळणावळणांचा घाट होता. साधा माल मोठ्या गाड्यांतून सावकाश वर जाई. पण काही माल थांबणारा नसे. वैद्याचे औषध, लग्नघरची फुले, राजाचे खलिते. असा तातडीचा माल हलक्या छकड्यांना पळणारे बैल जुंपून वर नेत. हे काम बंदरावरच्या एका पेढीकडे होते, आणि त्या पेढीचा एक गाडीवान होता सुभाना.

सुभाना बारा वर्षे छकडा हाकत होता. छकडा पेढीचा, बैल पेढीचे, चाराही पेढीचा. एके दिवशी पेढीच्या मुनीमजींनी त्याला बोलावले.

"सुभाना, पेढीने छकडे गाडीवानांनाच विकायचं ठरवलंय. गेल्या वर्षी येसाजीने घेतला, आता तू घे. बैलजोडी तुझी, भाडं तुझं. माल आम्ही देऊ. आठ दिवसांत काय ते सांग."

सुभाना घरी आला आणि हिशेब मांडू लागला. ताट पुढे आले, तरी हिशेब चालूच होता. साठवलेले सगळे ओतले तर छकडा आणि जोडी येत होती. पण बैल लंगडला तर? आठ आठ दिवस माल मिळाला नाही तर? दाव्याला बांधलेल्या बैलाला रोज चारा लागतोच. तो अंगणात यायचा, जायचा, पुन्हा यायचा.

त्याची बायको गोजरा म्हणाली, "अहो, भीती वाटतेय हे दिसतंय. पण नेमकी कशाची?"

"सगळ्याचीच."

"मग उद्या येसाजीभाऊजींकडे जाऊन या. त्यांनी वर्षभर स्वतःची गाडी चालवलीय. कशाला भ्यायचं आणि कशाला नाही, ते त्यांना ठाऊक असेल."

येसाजी सुभानाचा जुना सोबती. तो घाटाच्या पायथ्याशी राहायचा. सकाळी सुभाना पायी निघाला आणि त्याच्या दारी पोचला. येसाजीने हसून स्वागत केले, पण बोलताना त्याचे डोळे सारखे रस्त्याकडे जात होते.

"पाच दिवस झाले, फेरी नाही," तो म्हणाला. "कालपासून बैलांना अर्धी वैरण टाकतोय."

सुभानाने बैलांकडे पाहिले. डावा बैल पाय उचलून उभा होता. खूर फाटला होता आणि भेगेत चिखल भरला होता.

तेवढ्यात पेढीचा माणूस घोड्यावरून आला. त्याच्याबरोबर औषधाची एक जड पेटी होती. राजधानीत तापाची साथ होती. पेटी दिवस मावळायच्या आत वर पोचायला हवी होती.

घाटावर धुके उतरायला लागले होते. सुभाना हळूच म्हणाला, "येसाजी, नाही म्हण. हा बैल चढणार नाही."

येसाजीने त्याला बाजूला ओढले. "तू नोकर आहेस, तुला म्हणता येतं. मुनीमजी रागावतील, दुसरा गाडीवान पाठवतील, आणि तुझा पगार तुला मिळेल. मी नाही म्हटलं तर पुढची फेरी मला कधी मिळेल? घरात दोन दिवसांची वैरण आहे."

त्याने पेटी चढवली आणि बैल जुंपले. सुभानाला राहवेना. चढावर चाकामागे दगड लावायला कुणीतरी हवे, म्हणून तो बरोबर निघाला.

अर्धा घाट चढेपर्यंत धुके इतके दाटले की बैलांची शिंगेही दिसेनात. दरी कुठे आहे ते फक्त गार वाऱ्यावरून कळत होते. येसाजी सारखा बैलांना चुचकारत होता, पण त्याचा आवाज चिरकत होता. सुभाना दगड उचलून चाकामागे चालला होता.

एका वळणावर डाव्या बैलाचा पाय मुडपला. तो गुडघ्यावर आला आणि छकडा मागे सरकला. सुभानाने दगड सारला, पण चाक दगडावरून चढून गेले. पेटी उसळून रस्त्यावर पडली. येसाजी खाली फेकला गेला आणि त्याच्या पायावरून चाक गेले. दरीकडचे चाक काठावर लटकू लागले.

"जुपणी काप! सुभाना, जुपणी काप!"

सुभानाने कंबरेची सुरी काढली आणि उजव्या बैलाला जुवाशी बांधणारी गळ्याची जुपणी कापली. तो बैल सुटून डोंगराच्या बाजूला धावला. डाव्या बैलापर्यंत हात पोचायच्या आत छकडा कलंडला आणि त्या बैलाला घेऊन धुक्यात नाहीसा झाला. बराच वेळ काहीच ऐकू आले नाही. मग खालून एक आवाज आला, आणि येसाजीने दोन्ही हातांनी कान झाकले.

सुभाना ओरडत राहिला. त्याच्या हाका ऐकून वरच्या रानातले दोन लाकूडतोडे आले. त्यांनी येसाजीला उचलले. जाताना येसाजीने सुभानाचा हात घट्ट धरला. त्याचे ओठ पांढरे पडले होते.

"मी बारा वेळा दरीकडे पाहिलं रे," तो म्हणाला. "पण मला दरीची भीती नाही वाटली. मुनीमजींच्या तोंडाची वाटली."

सुभानाने पेटी डोक्यावर घेतली आणि दिवस मावळायच्या आत राजधानीत पोचवली. परतताना गोजराच्या प्रश्नाचे उत्तर त्याला मिळाले होते.

आठव्या दिवशी तो पेढीवर गेला. "मुनीमजी, छकडा घ्यायची इच्छा आहे. पण आत्ता घेतला तर माझ्या हातात काहीच उरत नाही. मग तुम्ही कसलाही माल दिलात तरी मला हो म्हणावं लागेल. मला थोडी वर्षं द्या."

मुनीमजी हसले. "थोडी वर्षं? हा सौदा उद्या नसेल. दुसरे दहा जण उभे आहेत."

आपण आयुष्यातली एकमेव संधी घालवतो आहोत असे सुभानाला वाटले. तरी तो म्हणाला, "नसेल तर नसो."

एक सोडून बाकी छकडे विकले गेले. त्या एकावर सुभाना पगारी राहिला. नव्या मालकांच्या गाड्या समोरून जाताना त्याला रोज वाटे, आपण भित्रे ठरलो. पण तो आणि गोजरा साठवत राहिले. तीन वर्षांनी त्याने एक जुना छकडा घेतला, दोन नव्हे तर तीन बैल घेतले, आणि दारात वर्षभर पुरेल एवढी कडब्याची गंज रचली. मग तो पेढीवर गेला आणि म्हणाला, "आता माल द्या."

पावसाळ्यात एकदा मुनीमजी स्वतः त्याच्या दारी आले. राजवैद्यांचे औषध लगेच वर न्यायचे होते. सुभाना सकाळीच घाट पाहून आला होता.

"नाही, मुनीमजी. दरड सैल झालीय. चार दिवस थांबावं लागेल."

"माझ्या तोंडावर नाही म्हणतोस? मग पुढचा माल विसर."

मुनीमजी गेले आणि सुभाना कडब्याची गंज पाहायला गेला. त्यानंतर महिनाभर त्याला एकही फेरी मिळाली नाही. गंज रोज थोडी खाली येई आणि दोघे तिच्याकडे पाहत. एकदा गोजराने विचारले, "जाऊन माफी मागायची का?" सुभानाने उठून बैलांना पोटभर कडबा टाकला.

इकडे ते औषध दुसऱ्या छकड्यातून गेले होते. वाटेत दरड कोसळली. गाडीवान कसाबसा वाचला, पण औषध चिखलात गेले. तिसऱ्या छकड्यातले औषध पोचेपर्यंत रोगी दगावले होते. महिन्याभराने चौकशी करताना राजवैद्यांनी पेढीला विचारले, "हा घाट धोक्याचा होता हे कुणालाच कळलं नाही?"

मुनीमजींना सांगावेच लागले, "एक गाडीवान नाही म्हणाला होता."

"मग यापुढे माझं औषध त्याच्याच गाडीतून येईल," राजवैद्य म्हणाले. "तो हो म्हणाला, की मी रोग्याला धीर देऊ शकेन."

दुसऱ्या दिवशी मुनीमजी पेटी घेऊन सुभानाच्या दारी उभे राहिले, आणि या वेळी त्यांनी आधी विचारले, "सुभाना, आज घाट कसा आहे?"

तात्पर्य: ज्याला नाही म्हणता येत नाही, तो स्वतःच्या गाडीवर बसूनही दुसऱ्याचा नोकरच असतो.