सुनेचा फोन

आबासाहेबांच्या घरात त्यांच्याआधी कुणी तोंड उघडत नसे. गरोदर बायकांच्या तब्येतीची फोनवरून चौकशी करणाऱ्या मंगलबाईंचा फोन आला, तोही आबासाहेबांनीच घेतला आणि स्पीकर लावून ओसरीवर बसले. सून कुमुद दाराआड उभी होती. तिला सातवा महिना होता.

“कुमुदताईंशी बोलायचं होतं.”

“मी आबासाहेब, तिचा सासरा. मला विचारा. घर माझं आहे.”

“त्यांच्या पायांना सूज आहे?”

“नाही.”

“डोकं दुखतं?”

“आमच्याकडे असली थेरं चालत नाहीत.”

“बाळ पोटात फिरतं?”

“फिरतं की.”

“शेवटचं कधी फिरलं?”

आबासाहेबांनी दाराकडे पाहिलं.

मंगलबाई शांतपणे म्हणाल्या, “आबासाहेब, घर तुमचं, कबूल. पण बाळ तुमच्या पोटात असेल तरच उत्तर द्या. नसेल तर फोन तिच्या हातात द्या.”

आबासाहेबांनी फोन सुनेपुढे धरला.

“कालपासून हललं नाही,” कुमुद म्हणाली.

आबासाहेबांनी अनवाणीच जीप काढली. दवाखान्यात बाळाचे ठोके लागले, मंद, पण लागले. “आणखी उशीर केला असता तर हाती काही आलं नसतं,” डॉक्टर म्हणाले. आबासाहेबांनी ते खाली मान घालून ऐकून घेतलं.