वळणावरचा मनोरा

बाळांनो, डोंगराच्या कुशीतल्या एका रानात, वारुळाच्या आडोशाला, एक घोरपड राहत असे. तिच्याइतकं चौकस जनावर तुम्ही पाहिलं नसेल. दगड दिसला की जीभ काढून हुंगायची, फांदी मोडली की ती का मोडली ते बघायला जायची. "हिला नसत्या उठाठेवी कशाला?" असं शेजारी म्हणत. म्हणेनात बापडे! त्या वर्षी तिने वारुळाच्या पोटात अंडी घातली होती. घोरपडीची अंडी एकदा पुरली की पिल्लं बाहेर येईपर्यंत हलवायची नसतात. हलवली की गेली.

रानाच्या वरच्या अंगाला धबधबा होता. तिथे पाणमांजरांनी चाक बसवून वीज तयार केली होती. त्यांना ही विद्या कोणी शिकवली ते मला विचारू नका, गोष्टीत एवढं चालतं. पलीकडच्या पठारावर मात्र उन्हाळ्यात पाण्याचे फार हाल. हरिणी पाडसांना घेऊन भर उन्हात नदीवर उतरायच्या आणि वाटेत वाघ दबा धरून बसलेला असायचा. पठारावर वीज पोचली असती तर पाणी वर उपसता आलं असतं. म्हणून सगळ्या जनावरांनी मिळून ठरवलं की धबधब्यापासून पठारापर्यंत तार न्यायची. सगळ्यांनी हौसेने माना डोलावल्या. तार कोणाच्या जागेतून जाणार, हे त्या वेळी कोणी विचारलं नाही.

मोजणीला करकोचा आला. लांब टांगा टाकत तो खांबांच्या जागा धरत चालला. जिथे खांब यायचा तिथे बांबूची खुंटी ठोकायची आणि तिच्या टोकाला पळसाचं लाल फूल खोचायचं, अशी त्याची पद्धत. घोरपड त्याच्या मागे मागे.

"करकोचेदादा, फूल लालच का?"

"लांबून दिसावं म्हणून."

"आणि खुंट्या अशा सरळ रेघेतच का? जरा इकडे, जरा तिकडे चालत नाही का?"

"बाई, उजेड आहे तोवर मला मोजू दे," असं म्हणून करकोचा पुढे निघून गेला. कामात तो पक्का होता, उगाच नावं ठेवायला नकोत. पण त्याच्या लेखी जमीन म्हणजे दोन खुंट्यांमधलं अंतर. तिथे कोण राहतं, काय पिकवतं, हे त्याने एकदाही विचारलं नाही.

एक खुंटी नेमकी रानडुकराच्या कंदांच्या जागेत मधोमध पडली. ती पाहून डुकराचं डोकं फिरलं. "वर्षभर राखलेले कंद माझे, आणि खांब यांचा? शेजारी ससा आहे की! गवत काय, कुठेही उगवतं," असं पुटपुटत त्याने मुसंडी मारून खुंटी उपटली आणि बांधापलीकडे सशाच्या गवतात रोवली. खुंटी पाहून सशाच्या तोंडचं पाणी पळालं. त्याने ती दातांत धरली, साळिंदराच्या बिळापाशी ठेवली आणि कान पाडून बसून राहिला. साळिंदराने तर विचारसुद्धा केला नाही. खुंटी घोरपडीच्या वारुळाशी रोवून तो झोपायला गेला. प्रत्येकाने ती फक्त आपला बांध ओलांडून नेली होती. एवढ्याने काय होतंय, असंच प्रत्येकाला वाटलं.

घोरपड नदीकाठी ऊन खाऊन परतली तर दारात लाल फूल! इथे खड्डा खणला की वारूळ जाणार आणि त्यातली अंडीही. पण घाबरली तरी सवय जाते थोडीच? तिने जीभ काढून खुंटी हुंगली. डुकराच्या अंगाच्या चिखलाचा वास, सशाच्या तोंडाचा वास, वरून साळिंदराचा उग्र वास. काय घडलं ते तिला कळलं आणि रागही आला.

वारुळाच्या पुढे टिटवीचा माळ होता. टिटवी चरायला गेली होती. घोरपडीने खुंटी तोंडात धरली आणि माळाकडे निघाली. एरवी टिटवीची अंडी दिसली की तिच्या तोंडाला पाणी सुटायचं. आज मात्र उघड्या माळावरची ती अंडी पाहून तिला स्वतःची अंडी दिसली. ती तशीच परत फिरली, खुंटी होती तिथे ठेवली आणि तिच्याशेजारी बसून राहिली.

सकाळी गवे खांब घेऊन आले. त्यांच्या मुकादमाने खुंट्यांवरून नजर फिरवली आणि नकारार्थी मान हलवली. वारुळापाशी आणलेला साधा खांब परत पाठवून त्याने चार पायांचा अवजड मनोरा ओढत आणवला. शिवाय तार आता तिरकी जाऊन तिरकी परतणार, म्हणजे वाट लांबली. त्यासाठी त्याने मधे आणखी खांबांच्या जागा आखल्या. एक साळिंदराच्या बिळापाशी, एक सशाच्या गवतात आणि एक थेट डुकराच्या कंदांत.

"माझ्याकडे कसा खांब?" डुक्कर धावत आला. "खुंटी तर मी..." आणि त्याने जीभ चावली.

"मनोरा एवढा मोठा कशाला हो?" घोरपडीने मुकादमाला विचारलं.

"वळणावर मोठा मनोरा, असाच नेम आहे."

"पण का?"

"ते करकोच्याला विचार. आम्ही फक्त उभे करतो."

करकोचा तर पार पुढच्या खिंडीत गेला होता. घोरपडीने एक लांब गुळवेल ओढून आणली. तिचं एकेक टोक दोन गव्यांना धरायला सांगितलं आणि मधोमध स्वतः वेलीला चिकटली. घोरपडीची पकड किती घट्ट असते ते तुम्हाला ठाऊक आहेच. "ओढा!" ती म्हणाली. वेल ताठ झाली, पण घोरपड होती तिथेच. मग वेलीला धरूनच ती एका बाजूला सरकली आणि वेलीला कोपरा पडला. "आता ओढा!" गव्यांनी ओढलं मात्र, घोरपड फरफटत परत मधोमध आली.

"तुझ्यात जीव तो केवढा!" डुक्कर हसला. "सरक बाजूला, मी धरतो." त्याने बाजूला जाऊन वेल दातांत धरली, खूर मातीत रोवले. गव्यांनी ओढलं आणि डुक्करही तोंडावर आपटला. ससा हसू दाबता दाबता उलटा झाला.

घोरपडीचे डोळे चमकले. "बघा, तार सरळ असली की खांबाने तिला नुसतं धरून ठेवायचं. बाजूला सारली की ती त्याला पाडायला बघते. म्हणून इथे मनोरा लागतो. खुंटी आपण जितकी लांब ढकलली, तितकी तारेची ओढ वाढली, खांब वाढले आणि ते आपल्याच दारांत आले." मग ती वारुळाकडे वळली. "माझी अंडी आहेत रे त्या वारुळात. तुम्हाला ठाऊक होतं."

डुकराने नाकावरची माती पुसलीसुद्धा नाही. "ठाऊक होतं, घोरपडताई. पण मला माझ्या कंदांपलीकडे काही दिसेना. पहिली खुंटी मीच उपटली." त्याच्यामागून ससा आणि साळिंदरही कबूल झाले. लाज वाटली तिघांनाही.

करकोच्याला बोलावून आणलं. तो आला तोच चिडून. "खुंटीला कोणी हात लावला? मोजणी म्हणजे काय खेळ वाटला?"

"चुकलं आमचं," घोरपड म्हणाली. "तार वाकवायची नाही, हे आता कळलं. पण त्याच सरळ रेघेवर खांब थोडा पुढे घेता येतो का? कंद संपतात तिथे डुकरदादाच्या बांधाला उघडा कातळ आहे. तिथे काहीच उगवत नाही."

करकोचा एका पायावर उभा राहिला. रेघ पाहिली, कातळ पाहिला. "येतो की," तो म्हणाला. "पण असं मला कोणी विचारलंच नाही."

"दादा, विचारायचं कोणी होतं? आम्ही तुम्हाला, की तुम्ही आम्हाला?"

करकोच्याने वर घेतलेला पाय हळूच खाली टेकला.

गव्यांनी मनोरा परत नेला आणि कातळावर साधा खांब उभा केला. वारूळ जागच्या जागी राहिलं. डुकराचे कंदही वाचले, पण तार त्याच्या डोक्यावरून जायची ती गेलीच, आणि तिच्याखालची त्याची उंच शेवरीची झाडं तोडावी लागली. तेव्हा सशाने आणि साळिंदराने आपापल्या जागेतला एकेक पट्टा त्याला आपणहून दिला. उन्हाळा तापला तेव्हा पठारावर पाणी चढलं आणि हरिणी नदीवर उतरायच्या थांबल्या.

करकोचा पुढच्या मोजणीला निघाला तो दुसऱ्या खोऱ्यात. तिथे पोचल्यावर त्याने खुंट्यांची मोळी झाडाला टेकवून ठेवली, एका बिळापाशी गेला, आपली लांब मान अगदी जमिनीपर्यंत वाकवली आणि विचारलं, "कोणी आहे का घरात? जरा बोलायचं होतं."

तात्पर्य : आपल्या दारातली अडचण शेजाऱ्याकडे ढकलली तर ती वाढून सगळ्यांच्याच दारी येते, आणि सगळ्यांच्या भल्याचं काम ज्याच्या जमिनीतून न्यायचं, त्याच्याशी खुंटी ठोकण्याआधीच बोलावं.