फेटा बांधणारे हात

एका राज्यात राजाचा फेटा राजाच्या लेकीनेच बांधायचा, असा रिवाज होता. राजकन्या हेमाक्षी चौरंगावर चढून हात पुरवायची, तेव्हापासून राजा अरिंजयाचा फेटा तीच बांधी.

कृष्णदंत मांत्रिकाला राजाचा खजिना हवा होता. राजा बधला नाही, म्हणून त्याने राजाची शिळा केली आणि हेमाक्षीच्या मनातून बापाची एकूण एक आठवण उपटून नेली. "सूर्य मावळायच्या आत माझ्या गुहेत बापाला ओळख. ओळखलेस, तर मी दगड; चुकलीस, तर तो कायमचा दगड," तो म्हणाला. बापाचा चेहराही डोळ्यांपुढे येईना, याचेच हेमाक्षीला रडू आले. तरी ती निघाली.

सोबत राजवाड्यातली मैना होती. गुहेच्या वाटेवर भुतांचा पूल आणि त्यापुढे दोन दारे होती. पुलाशी मैनेने पहिल्या दाराचा परवलीचा शब्द तिच्या कानात सांगितला. पुलावरची भुते भलती चौकस.

"कुणाची गं तू? जेवलीस का?"

उत्तर दिले की शब्द मनातून गेलाच. हेमाक्षी तो पुटपुटत चालत राहिली. दार उघडले आणि पुढच्याच क्षणी ती शब्द विसरली.

दुसऱ्या दाराने विचारले, "ध्रुवतारा कुठे?"

"उत्तरेला."

"कुणी शिकवले?"

"ते आठवत नाही."

दाराला फक्त उत्तराशी मतलब होता. तेही उघडले.

आत शिळा झालेल्या राजांची रांग उभी होती. सगळे बोडके, सगळे सारखे. खाली एक फेटा पडला होता. हेमाक्षीने तो उचलला, पण पहिला पेच कुठून घ्यायचा ते सुचेना. कापड सारखे सुटू लागले. कृष्णदंत खदाखदा हसला. ऊन गुहेच्या तोंडाशी उतरले होते.

"विचार सोड," मैना म्हणाली. "हातांना त्यांचे काम करू दे."

हेमाक्षीने डोळे मिटले. पहिल्या डोक्यावर हात अडखळले, दुसऱ्यावरही. तिसऱ्यावर मात्र पेचामागून पेच बसत गेला. डाव्या कानावर हात आपोआप सैल झाला. तिथे एक टेंगूळ होते.

"हेच माझे आबासाहेब," ती म्हणाली.

कृष्णदंताने मनातले सगळे नेले होते, हातांतले न्यायचे मात्र त्याला सुचले नव्हते. तो जागच्या जागी दगड झाला आणि रांगेतले राजे एकेक करून हलू लागले.

अरिंजयाने डोक्यामागे हात नेऊन फेट्याचा सोगा चाचपला.

"आजही आखूडच ठेवलास."

"तुम्ही वाकत नाही, आबासाहेब," हेमाक्षी म्हणाली, आणि तिला चौरंग आठवला.