पळसढोकची अपुरी चांदणी

फार वर्षांपूर्वीची ही गोष्ट आहे. पळसढोकला येणारी वाट अजून बैलगाडीच्या चाकोरीपुरतीच रुंद होती, त्या काळातली. गावाच्या पूर्वेला, चिंचेच्या बनाला लागून ख्रिस्ती आळी होती. आळीत दगडी भिंतींचे एक लहानसे चर्च होते आणि त्याच्या मागच्या घरात रिबकाबाई एकटी राहत असे. ती कुठून आली, तिचे माहेर कोणते, हे आज खात्रीने सांगता येत नाही. तिच्या हातची चांदणी मात्र कधी सैल पडली नाही, असे म्हणतात. आणि याविषयी कोणाचेही दुमत नाही.

नाताळात दारावर लावायची चांदणी रिबकाबाई भर वैशाखात करी. बांबूच्या कामट्यांचा पाच टोकांचा सांगाडा बांधायचा, त्यावर विरलेले जुने कापड चिंचोक्याच्या खळीने चिकटवायचे आणि वरूनही खळीचा हात फिरवायचा, अशी तिची रीत होती. चिंचोके उन्हाळ्यात मिळतात. शिवाय मार्गशीर्षात दव पडते, खळ ओलसर राहते आणि कापड लोंबते. वैशाखाच्या उन्हात तेच कापड डफासारखे ताणून बसते, आणि आत पणती ठेवली की विरलेल्या धाग्यांतून उजेड पाझरतो. म्हणून सगळी आळी सावली शोधत असताना ती अंगणात बसून नाताळाची तयारी करी.

"रिबकाबाई, यंदा बाळ येशू उन्हाळ्यातच जन्माला घालती का काय?" शेजारचा शिलास विचारी. तो दोर वळण्यात तरबेज होता आणि बोलण्यात त्याहून अधिक.

"तू दोर वळ," ती म्हणे. "जन्माचं मी बघते."

मग एक असा काळ आला की पावसाने सलग पाठ फिरवली. विहिरीचा तळ दिसू लागला. आळीने ठरवले की घरे बंद करून दूरच्या कालव्याच्या खोदकामावर जायचे. रिबकाबाईचा एक पाय अधू होता. तिला ती वाट झेपणारी नव्हती. पण तिला स्वतःची चिंता नव्हती. पलीकडच्या माळावरची एक वस्ती आदल्या वर्षी अशीच कामाला गेली होती. ती माणसे नाताळाला आली नाहीत, पाडव्यालाही आली नाहीत. मग कोणी तिथल्या छपरांची आढी काढून नेली, कोणी दारे नेली, आणि आता तिथे घरे होती हे सांगावे लागत असे. पळसढोकच्या आळीचे असेच होईल, ही एकच भीती तिच्या मनात घर करून होती.

तिने कोणालाही थांबवले नाही. ती घरोघर गेली आणि प्रत्येकाकडून एकेक जीर्ण कापड मागून घेतले. कोणाचे लुगडे, कोणाचे धोतर, कोणाच्या लेकराचे अंगडे.

शिलास त्या दिवशी हसला नाही. "पोरं चिंचोके भाजून खात्यात," तो म्हणाला, "अन् तू त्याची खळ करणार?"

 बनातून आलेले चिंचोके रिबकाबाईने आधी मुलांना वाटून दिले. स्वतःच्या वाट्याचे तेवढे तिने भिजवले, वाटले आणि शिजवले. त्या दिवसांत तिने काय खाल्ले, हे कोणालाच माहीत नाही. ती उन्हावर जगली, असे म्हणतात. इतक्या थोड्या खळीत सगळ्या घरांच्या चांदण्या पुऱ्या होणे शक्य नव्हते. प्रत्येक चांदणीची चार टोके मढली आणि पाचव्याच्या कामट्या उघड्या राहिल्या. तिला फार वाईट वाटले. निघण्याच्या सकाळी पाचव्या टोकासाठी कापलेला तुकडा तिने ज्याच्या त्याच्या हाती दिला.

"खळ पुरली न्हाई," ती म्हणाली. "हे जपून ठेवा. नाताळाला घेऊन या, मग लावू."

"म्हंजे माझी चांदणी लंगडीच," शिलास म्हणाला.

"लंगडी हाय म्हणून तर घर सोडून कुठं जायची न्हाई."

तो हसला. तुकडा त्याने पागोट्यात खोचला आणि बायकामुलांना घेऊन वाटेला लागला.

आळी रिकामी झाली. बंद दारांवर अपुऱ्या चांदण्या, आणि त्यांच्याखालून फिरणारी एकटी रिबकाबाई. दुपारच्या झळा वाहू लागल्या की ताणलेली कापडे घुमत. प्रत्येक चांदणीचा सूर वेगळा होता, आणि तो ऐकून कोण कुठे आहे, कोण आजारी आहे, कोणाच्या घरी मूल जन्मले, हे तिला कळे, असे म्हणतात. तिकडे दूर, मातीच्या पाट्या वाहताना, माणसांच्या बोचक्यांतले तुकडे त्याच वेळी थरथरत. ज्याचा तुकडा थरथरे, तो क्षणभर पाटी खाली ठेवी आणि पळसढोकच्या दिशेने पाहत राही. मुकादम ओरडला तरी त्याला ऐकू येत नसे. काहींना तेव्हा चिंचेच्या पाल्याचा वास येई. काहींना आपण अंगणातच उभे आहोत असे वाटे, आणि पायांखालची माती थंड लागे.

नाताळाच्या आदल्या दिवशी, उन्हे कलताना, वाटेवर माणसे दिसू लागली. ती थकलेली होती, पण तुकडे ओढीत होते म्हणून चालत आली, असे म्हणतात. चिंचा अजून कोवळ्या असल्यामुळे खळीला चिंचोके नव्हते. मग प्रत्येकाने आपल्या बोचक्यातून चिमूटभर पीठ काढून दिले. कोणाचे बाजरीचे, कोणाचे नाचणीचे, कोणाचे गव्हाचे. अशी भेसळीची खळ धरत नाही, हे रिबकाबाईला ठाऊक होते. तरी ती धरली. पणतीच्या उबेवर वाळवीत एकेक चांदणी पुरी झाली.

शिलास मात्र आला नाही. कालव्याचे काम संपल्यावर तो आणखी पुढे गेला, एवढेच कोणीतरी सांगितले.

नवे वर्ष लागल्यावर आळीने चांदण्या उतरवल्या. शिलासच्या दारावरची तशीच राहिली. चर्चच्या छताला वाळवी लागली होती आणि लाकूड मिळत नव्हते. तेव्हा शिलासच्या घराचे आढे काढून घ्यावे, असे बोलणे निघाले. माणसे कुऱ्हाडी घेऊन आली, तेव्हा रिबकाबाई त्या उंबऱ्यावर बसली होती.

"बाई, तो काही आता येत नाही," चर्चचे पाळकसाहेब समजुतीने म्हणाले. "आणि ही चांदणी तरी उतरवा. उघड्या कामट्या बऱ्या दिसत नाहीत."

"बरं दिसायला न्हाई टांगली, पाळकसाहेब. चांदणी हाय तवर घरात माणूस हाय. चर्चला आढं पाहिजे तर माझ्या घराचं काढा."

 पाळकसाहेबांनी कुऱ्हाडी परत पाठवल्या. रिबकाबाईचे आढे चर्चला लागले, आणि ती शिलासच्या ओसरीवर राहू लागली.

पुन्हा वैशाख आला. एका दुपारी, वारा पूर्ण पडलेला असताना, ती अपुरी चांदणी आपोआप घुमू लागली. तो आवाज आळीभर भरला. लोक बाहेर आले तेव्हा झळांच्या पलीकडून चार माणसे पाण्यावरून चालल्यासारखी येत होती. पुढे शिलास होता. तो वाळला होता आणि त्याचे केस पांढरे झाले होते. त्याने पागोट्यातला तुकडा काढला.

"उशीर झाला, रिबकाबाई. नाताळ होऊन गेला."

"तुझा न्हाई झाला," ती म्हणाली. "तुझ्यापुरता थांबवून ठेवलाय. आत ये, पाणी पी."

तिने चिंचोक्याची खळ शिजवली आणि पाचवे टोक लावले. पाळकसाहेबांनी घंटा वाजवली आणि त्या रणरणत्या दुपारी आळीने नाताळाची गाणी म्हटली. गाताना प्रत्येकाच्या तोंडातून वाफ निघत होती आणि चांदणीवर दव उतरले होते, असे म्हणतात. दव पडूनही कापड सैल झाले नाही.

रिबकाबाईची कबर नेमकी कोणती, याविषयी आळीत एकमत नाही. पण पळसढोकात नाताळाच्या चांदण्या आजही वैशाखातच होतात. चिंचोके आधी मुलांना भाजून देतात आणि उरलेल्याची खळ करतात. ज्या घरातले कोणी बाहेरगावी असेल, त्या घराच्या चांदणीचे एक टोक उघडे ठेवतात आणि त्याचे कापड जाणाऱ्याबरोबर देतात. नाताळ उलटला तरी ती चांदणी उतरवत नाहीत. नवखा माणूस तिच्याकडे बोट दाखवून काही विचारू लागला, तर घरातले कोणीतरी हातातले काम न थांबवता म्हणते, "यायचेत अजून."