येतो म्हणून गेलेले

बटणांचे फोन नुकतेच अडगळीत पडले होते, तेव्हाची गोष्ट. सुमित्राबाईंचा फोन अडकला, म्हणून त्यांनी तो बंद करून पुन्हा चालू केला. आतली मेमरी झाडूनपुसून लख्ख झाली. पण नुकत्याच वापरलेल्या ॲप्सची जी यादी असते, तिच्या भिंतीवर मघाच्या ॲप्सचे फोटो तसेच!

मेमरी खेकसली, "मी सगळ्यांना बाहेर काढलंय. फोटो उतरव!"

"नाही उतरवणार," यादी म्हणाली. "आत कुणी नाही, ठाऊक आहे मला. पण निघताना एकही जण 'जातो' म्हणाला नाही. सगळे 'येतो' म्हणाले."

तेवढ्यात बाईंचं बोट वही नावाच्या, लिहायच्या ॲपच्या फोटोवर टेकलं. वही डोळे चोळत आली. लेकीला लिहिलेलं अर्धं पत्र तिच्या हातात तसंच होतं.

मेमरीने सरकून तिला जागा दिली.